दोन सीझनांच्या मधला दादा

माझ्या दादाला लोक संशयी म्हणतात, तेव्हा मला लोकांचाच राग येतो. तो बाराही महिने संशयी नसतो. त्याची ती आवडती गुप्तहेराची मालिका सुरू असली की त्याच्यासारखा गोड माणूस शोधून सापडणार नाही. दहा भाग, दहा आठवडे. त्या दिवसांत मनातल्या सगळ्या शंका तो पडद्यावरच्या डॉक्टरवर, डॉक्टरच्या मेहुणीवर आणि त्या गोडबोल्या वकिलावर खर्च करतो. वहिनीला दार उघडायला उशीर झाला तरी कारण विचारत नाही. त्रास असतो तो एक सीझन संपल्यापासून दुसरा सुरू होईपर्यंतच्या काळाचा.

त्याच्या कामानंही भर घातली असणार. काचेच्या बाटल्या बनवणाऱ्या कारखान्यात तो तपासनीस आहे. समोर उजेडाची पांढरी पाटी, तिच्यापुढून बाटल्या सरकत जातात, आणि हा केसाएवढी चीर, पोटातला बुडबुडा, वाकडी मान पकडून ती बाटली उचलतो आणि फुटक्या काचेच्या पेटीत टाकतो. बत्तीस वर्षं हेच. घरी आल्यावर डोळे काढून ठेवता येत नाहीत, त्याला तो तरी काय करणार. पण माणसाला पेटीत टाकायचं म्हणजे फार झालं.

पहिला खंड दीड वर्षाचा पडला. तेवढ्यात शेजारचे निवृत्त मास्तर आपली पत्रं उघडून वाचतात असं दादानं ठरवलं. मास्तरांनी बोलणं बंद केलं. दुसरा खंड दोन वर्षांचा. त्या वेळी त्याचं मनगटी घड्याळ हरवलं आणि दादानं सुतावरून स्वर्ग गाठत वहिनीच्या भावाला जेवणाच्या टेबलावर उलटतपासणीला घेतलं. घड्याळ पुढच्या आठवड्यात त्याच्याच कोटाच्या अस्तरात सापडलं. वहिनी तेव्हा आवाज न चढवता एवढंच म्हणाली होती, की पुन्हा माझ्या माणसांवर किंवा माझ्यावर बोट रोखलंत, तर मी या घरात राहणार नाही. वहिनी उगाच बोलणाऱ्यांतली नाही.

मग तिसरा सीझन आला आणि संपला, तोही कसा, तर गुप्तहेराच्या घरी फोन वाजतो, बायको उचलते आणि नवरा समोर बसलेला असताना सांगते की ते घरी नाहीत. बस, अंधार. खाली अक्षरं, ‘लवकरच’. हे ‘लवकरच’ तीन वर्षं लांबलं. मालिका करणाऱ्यांना काय, त्यांना असा नवरा सांभाळायचा नव्हता. दादा मात्र वहिनीचा फोन वाजला की कान टवकारायला लागला.

एका दुपारी वहिनी खाली माझ्याकडे आली. मी त्याच इमारतीत एक मजला खाली राहते आणि शाळेत चित्रकला शिकवते. तिनं सांगितलं, यांना काहीतरी शोधायला हवं असतं, तर आपणच देऊ या. घरातलं माणूस नको, बाहेरचं काहीतरी, ज्यात कुणाचं वाईट होणार नाही. मला कल्पना भलतीच आवडली. मी डाव्या हातानं एक चिठ्ठी लिहिली, ‘निळी छत्री परत केली का?’, आणि त्यांच्या टपालपेटीत टाकली.

दादा सहा आठवडे त्या छत्रीमागे होता. इमारतीतल्या सगळ्या छत्र्या त्यानं पाहिल्या. दोन निळ्या निघाल्या, दोन्ही मालक निर्दोष ठरले. तेवढ्या दिवसांत तो घरात शीळ घालायचा. पुढे मी आणखी लिहिल्या. पाण्याच्या टाकीबद्दल, जिन्यातल्या बंद दिव्याबद्दल, तिसऱ्या पायरीबद्दल. अडीच वर्षांत नऊ चिठ्ठ्या. आपण कुणाला फसवतोय असं मला एकदाही वाटलं नाही, हे कबूल करते. मला मजाच येत होती.

गेल्या बुधवारी दादा खाली आला. बुधवारी त्याची सुट्टी असते. हातात प्लॅस्टिकची फाइल. त्यानं माझ्या टेबलावर नऊ चिठ्ठ्या ओळीनं मांडल्या. प्रत्येकीच्या कोपऱ्यात तारीख घातलेली होती. मग खिशातून दहावी काढली आणि जरा बाजूला ठेवली. तिच्यावर लिहिलं होतं, ‘बुधवारी चार वाजता, नेहमीच्या जागी.’

ही आज सकाळी वहिनीच्या पर्समध्ये सापडली, असं तो म्हणाला. पर्समध्ये हात का घातलास, हे मी विचारलं नाही, कारण त्याचं तोंड पाहवत नव्हतं. त्याचा हिशेब सरळ होता. पहिल्या नऊ म्हणजे कुणाच्या तरी खुणा. आपण वेड्यासारखे छत्र्या मोजत बसलो आणि निरोप पोचत राहिले ते बायकोला.

“मी तिला आज विचारणार आहे,” तो म्हणाला. “विचारलं की ती जाईल, तेही मला माहीत आहे. पण न विचारता मला राहता येणार नाही, छोटे.”

मग माझ्यापुढे दुसरा मार्ग उरला नाही. त्या चिठ्ठ्या मी लिहिल्या, वहिनीच्या सांगण्यावरून लिहिल्या, तू कुणाच्या मागे लागू नयेस म्हणून लिहिल्या, असं सगळं सांगून टाकलं. तो ऐकत राहिला आणि शांतपणे म्हणाला की मी तिला वाचवायला बघतेय. मला इतका संताप आला की कागद ओढून डाव्या हातानं ‘निळी छत्री परत केली का?’ लिहून तो त्याच्यापुढे आपटला.

तो कागद आणि जुनी चिठ्ठी एकावर एक ठेवून त्यानं खिडकीच्या काचेला लावली. मग दुसरी, मग तिसरी. नऊही जुळल्या. दादाचे खांदे खाली आले. मग त्यानं दहावी लावली आणि बराच वेळ तशीच धरून ठेवली.

“ही तुझी नाही,” तो म्हणाला.

नव्हतीच. मी ती आयुष्यात पहिल्यांदा पाहत होते. इथं एक गोष्ट लपवण्यात अर्थ नाही. त्या क्षणी माझ्याही मनात शंकेची पाल चुकचुकली. अडीच वर्षं मी वहिनीची साथीदार, पण ती बुधवारी चारला कुठं असते हे मला तरी कुठं माहीत होतं? शेवटी मीही त्याचीच बहीण.

दादानं कोरा कागद आणि माझं पेन उचललं आणि आम्ही वर गेलो. वहिनी पलंगावर बसून धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. आमच्या दोघांच्या तोंडांवरून तिला कळलं असावं. दादानं चिठ्ठी तिच्यासमोर ठेवली. कोणाची, एवढंच विचारलं.

“माझी,” वहिनी म्हणाली. “या ताई महिनाभर परीक्षेचे पेपर तपासायला बाहेर होत्या, तेव्हा मीच त्यांच्यासारखी डाव्या हातानं लिहिली. पेटीत टाकायची राहिली.”

नेहमीची जागा कुठली, असं दादानं विचारलं. कुठलीच नाही, असं तिनं सांगितलं. तिला वाटलं होतं की दादा ती जागा शोधायला बाहेर पडेल, बागेत, बसस्टॉपवर, कुठंही. बुधवारी तो दिवसभर घरी असतो. आठवड्यातून दोन तास मिळाले असते. कशासाठी, म्हणून दादानं विचारलं, तर म्हणाली, कशासाठीच नाही, नुसतं बसायला. फोनवर बोलताना कोण होतं हे सांगावं लागू नये. गॅलरीत उभं राहिलं तर कुणाला बघत होतीस हे कुणी विचारू नये. हे सांगताना तिनं घड्या घालणं थांबवलं नाही.

दादा तिच्यासमोर स्टुलावर बसला. कागद आणि पेन त्याच्या हातातच होतं. आता हा तिला लिहून दाखवायला सांगणार, आणि हिच्या कपड्यांच्या घड्या सरळ बॅगेत जाणार, हे मला समोर दिसत होतं.

“तुला माझी भीती वाटते?” त्यानं विचारलं.

वहिनीनं हातातला सदरा मांडीवर ठेवला आणि पहिल्यांदाच त्याच्याकडे बघितलं.

“हो,” ती म्हणाली.

मी त्याच्या हाताकडे बघत होते. त्यानं कागद पुढे केला नाही. कशावरून, केव्हापासून, असलं काहीच विचारलं नाही. साठीला आलेल्या माझ्या दादानं आयुष्यात पहिल्यांदा कुणाचा तरी एक शब्द तसाच्या तसा खरा मानला, आणि तो नेमका हा होता.