एकसष्ट थेंब

बैलांच्या शर्यतीचा पट सुटला की सगळं गाव बैलांकडे बघायचं. सोपान मुकादम जमिनीकडे बघायचे. बैल धुरळा उडवीत निघून गेले, आरडाओरडा थांबला, की ते हातात काठी घेऊन टापांच्या खुणांवरून चालत जायचे. कुठल्या जोडीची टाप कुठून लांब पडायला लागली ते काठीने मोजायचे आणि मग निकाल सांगायचे. त्यावर कुणी हुज्जत घातली तर त्यांचं एकच उत्तर असे, "डोळ्याला घाई आसती, जमिनीला न्हाई."

निजामाच्या अमदानीत परभणी-पाथरी रस्त्याच्या एका तुकड्यावर ते मुकादम होते आणि मी त्याच तुकड्याचा कारकून. बांधकाम खात्याला तेव्हा तामीरात म्हणत. मुरमाचे ढीग मुकादमांनी काठीने मोजायचे आणि मी वहीत लिहायचे, असा आमचा संसार. घरी त्यांची मेंढरं होती. ती धाकटा भाऊ लिंबाजी राखायचा आणि जहागीरदारांच्या माळावर चारायचा. दोघा भावांची चूल एकच होती. मुकादम कमी बोलत आणि जे बोलत ते पुन्हा सांगत नसत. मला त्यांचा थोडा धाकच वाटे.

त्या साली जहागीरदारांनी मुंबईहून लाल रंगाची, दोनच माणसं बसतील अशी शर्यतीची मोटार आणली. महिनाभरात तालुकदारसाहेबांचे, म्हणजे जिल्ह्याच्या कलेक्टरांचे, जावई तशीच हिरवी मोटार घेऊन हैदराबादेहून आले. जागच्या जागी उभी असताना सुटून फर्लांगाच्या दगडापर्यंत आधी कोण पोचतं, यावरून दोघांची जुंपली. रस्ता अरुंद, दोन मोटारी शेजारी पळणं शक्य नाही. एकामागून एक पळवून पाहिल्या, पण दोघांची घड्याळं आपापल्या मालकाशी इमानी निघाली. शेवटी कुणीतरी सोपान मुकादमांचं नाव घेतलं.

पहिल्या दिवशी मुकादमांची चांगलीच फजिती झाली. त्यांनी लाल मोटारीच्या एका चाकाला एका जागी ओला चुना फासला आणि मोटार पळवायला सांगितली. मग खुणांवरून काठी टाकत चालत गेले. पहिल्या दोन खुणांत जेवढं अंतर, तेवढंच शेवटच्या दोन खुणांत. बैल पळायला लागला की टाप लांब टाकतो. चाक बिचारं आपल्या घेराएवढंच सरकणार. मुकादम दगडाजवळ उभे राहिले आणि गंभीरपणे म्हणाले, "सरकार, ही गाडी पळलीच न्हाई. चाललीया." जहागीरदार पोट धरून हसले. मीही हसलो, ते मुकादमांनी पाहिलं.

दुसऱ्या दिवशी ते महादेवाच्या देवळात गेले ते पूजेसाठी नव्हे. पिंडीवर टांगलेल्या गळतीच्या तांब्यापुढे कितीतरी वेळ बसून राहिले. एकेक थेंब सारख्या वेळाने पडत होता. परत येताना कुंभाराकडून दोन गाडगी आणली, बुडाला भोकं पाडून त्यांत सुताच्या वाती घातल्या, फडक्यातून गाळलेलं चुन्याचं पांढरं पाणी भरलं आणि दोन्ही शेजारी टांगून थेंबाला थेंब जुळेपर्यंत वाती ओढत बसले. मोटारीच्या मागं गाडगं बांधायचं. वेग वाढेल तसे थेंब लांब लांब पडतील, आणि सुटायच्या रेषेपासून दगडापर्यंत जिचे थेंब कमी, ती मोटार लवकर पोचली. मी थक्क झालो. इंग्रजी शिकलेल्या आमच्या ओव्हरसियरला हे सुचलं नसतं.

त्याच संध्याकाळी लिंबाजी माझ्याकडे आला. जहागीरदारांच्या कारभाऱ्याने त्याला गाठून सांगितलं होतं की मेंढरं कुणाच्या माळावर चरतात हे भावाला ध्यानात ठेवायला सांग. लिंबाजीने ते सांगितलं होतं. भाऊ आपला वाती ओढतच राहिला. आता मी दोन शब्द बोलावेत, असं त्याचं म्हणणं. मी बोललो. मुकादम म्हणाले, "मुन्शीजी, आदुगर गाड्या तरी पळू द्या."

सकाळी रेषा ओढली. मुकादमांनी सगळ्यांसमोर विचारलं की कुठवर बघायचं. जहागीरदार स्वतःच म्हणाले, फर्लांगाच्या दगडापर्यंत. लाल मोटार रस्त्याच्या डाव्या अंगाने गेली, मग हिरवी उजव्या. तांबड्या मुरमावर पांढऱ्या थेंबांच्या दोन ओळी उमटल्या. हिरवीचे थेंब मुकादमांनी मोजले आणि मोठ्याने सांगितले, अठ्ठावन्न. लालचे मोजायचं काम माझ्याकडे होतं.

पहिली शंभर पावलं लालचे थेंब जास्त लांब पडले होते, म्हणजे सुटायला तीच चपळ. पुढे मात्र हिरवीने तिला मागं टाकलं होतं. मी दगडाशी पोचलो तेव्हा आकडा एकसष्ट झाला होता. माळाच्या कडेला लिंबाजी मेंढरं थांबवून उभा होता. मी म्हणालो, अठ्ठावन्न.

बरोबरी झाली म्हणून लोक खूश झाले. जावईसाहेबांनी जहागीरदारांशी मिळवायला हातसुद्धा पुढे केला. मुकादम मात्र काठी घेऊन रेषेपर्यंत मागं गेले आणि लालच्या ओळीवरून एकेक थेंबाला काठी लावत सावकाश आले.

"एकसष्ट हायत, सरकार. मुन्शीजीला उन्हात दिसले नसतील. सुटायला तुमची गाडी लय तेज हाय. पर दगडापातूर सायबाची."

जहागीरदारांनी हसून मुकादमांना पान दिलं. आठ दिवसांनी कारभाऱ्याचा माणूस आला आणि बाजाराच्या दिवसापर्यंत माळ मोकळा करा असं सांगून गेला. लिंबाजी बायकोपोरं आणि मेंढरं घेऊन गोदावरीपलीकडे गेला. निघताना त्याने भावाचा निरोप घेतला नाही. मुकादम त्या दिवशी नेहमीसारखे मुरूम पसरवून घेत होते. मेंढरं जवळून गेली तेव्हा त्यांनी गड्यांना बाजूला व्हायला सांगितलं, तेवढंच.

माझी बदली झाली. निजामाचं राज्य गेल्यावर एकदा पाथरीत ते भेटले. अंगाने वाळले होते, काठी तीच होती. लिंबाजी तिकडेच तापाने गेला होता आणि मुकादमांना ते महिन्याने कळलं होतं. मी त्या सकाळी खोटं बोललो होतो, हे इतक्या वर्षांनी एकदाचं सांगून टाकलं.

"ठाव हाय," ते म्हणाले. "तुमी मोजताना ओठ हलवता. मी बगतच हुतो."

मग म्हणाले, "तुमचाच आकडा ऱ्हाऊ दिला आसता तर लिंबा हितंच आसता, आसं लय येळा वाटलं. न्हाई वाटलं म्हणलो तर ती लबाडी हुईल."

मी विचारलं, आज तोच प्रसंग आला तर काय कराल. मुकादम पायाखालच्या जमिनीकडे बघू लागले. मान न उचलता ते म्हणाले, "एकसष्टच हुते, मुन्शीजी."