आमच्या गाडीचा चार्जर कोणी निवडला

मी सत्तावीस वर्षं सोलापुरातल्या एका मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवते आहे. दहावीचा विद्युतधारेचा धडा मला पुस्तक न उघडता शिकवता येतो. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे जे घडलं त्यात या ज्ञानाचा कोणालाच उपयोग झाला नाही. मलासुद्धा नाही.

तीन वर्षांपूर्वी मी बॅटरीवर चालणारी स्कूटर घेतली. जुळे सोलापुरातल्या घरून शाळेत जायला-यायला ती पुरेशी होती. सीटखालची बॅटरी डब्यासारखी उचलायची, घरात आणायची आणि चार्जरला लावायची, एवढंच काम. गाडी गुणी निघाली. मागच्या मार्चमध्ये मात्र तिच्या चार्जरचा पंखा आधी घरघरला, मग थांबला, आणि दोन दिवसांनी चार्जर कायमचा गेला.

जिथून गाडी घेतली होती त्या दुकानात आम्ही दोघं गेलो, तर तिथे आता गाद्या आणि उशा होत्या. मालक तेच होते. "तो धंदा आम्ही बंद केला," असं म्हणून त्यांनी माझ्या यजमानांना एका गादीवर बसून पाहायला लावलं. यजमान बसले आणि बरी आहे म्हणाले.

माझे यजमान तहसील कचेरीतून निवृत्त झाले आहेत आणि तेव्हापासून त्यांना सगळ्याच विषयांत गती आली आहे. त्या संध्याकाळी त्यांनी मोबाइलवर चार्जरचे तीन व्हिडिओ पाहिले. त्यातला एक तमिळमध्ये होता. तोच त्यांना सगळ्यात जास्त पटला.

त्याच सुमारास माझे दीर दाढेवर उपचार करून घ्यायला मोडनिंबहून आले होते. त्यांची तिकडे शेती आहे. अर्धा जबडा बधिर होता, पण त्यामुळे मत द्यायचं अडलं नाही.

"वैनी, बॅटरी म्हंजे बॅटरी," ते गालावर हात ठेवून म्हणाले. "आमच्या ट्रॅक्टरला बी हायच की. धा वर्सं झाली, कुटला बी चार्जर लावतो. काय होत न्हाय."

"भाऊजी, ती ॲसिडची बॅटरी. ही लिथियमची आहे."

"व्हय, पन करंट तर त्योच ना?"

यजमान हसले. वर्गात एखादीचं उत्तर चुकल्यावर बाकीच्या मुली हसतात तसं. 'करंट तोच' यावर उत्तर द्यायला मला एक फळा, चाळीस मिनिटं आणि शांत वर्ग लागतो. यातलं काहीच घरात नव्हतं. मी चहा टाकायला उठले.

दुसऱ्या दिवशी आम्ही सुट्या भागांच्या एका दुकानात गेलो. दुकानदारानं माझ्याकडे एकदा पाहिलं, मग तो यजमानांकडे वळला तो शेवटपर्यंत तसाच राहिला.

"गाडी कोणाची साहेब?"

"हिची."

"किती व्होल्ट?"

"अठ्ठेचाळीस," यजमान म्हणाले. हा आकडा त्यांना मीच येताना सांगितला होता.

"मग हा घ्या अठ्ठेचाळीसचा."

मी विचारलं, "हा लिथियमला चालेल का?"

"चालतो साहेब, सगळ्याला चालतो," दुकानदारानं यजमानांना सांगितलं. यजमानांनी ते मला सांगितलं. "चालतो म्हणतायत."

चार्जरच्या खोक्यावर खालच्या बाजूला बारीक अक्षरांत काहीतरी छापलेलं होतं. माझा चष्मा पर्समध्ये होता. मी तो काढला नाही. का काढला नाही, याचा मी नंतर बराच विचार केला. मला उशीर होत होता हे एक कारण आहे आणि ते खोटं आहे. खरं एवढंच की दोन पुरुष एकमेकांशी इतके समाधानानं बोलत होते, की मध्ये बोलणं मला असभ्यपणाचं वाटलं.

चार्जरची पिन आमच्या बॅटरीत बसेना. दुकानदारानं आमच्या जुन्या चार्जरची वायर कापली, तिची पिन नव्याला जोडली आणि वर काळी चिकटपट्टी गुंडाळली. "बसली बघा साहेब." पिन बसली म्हणजे लग्न जमलं, अशा थाटात यजमानांनी चार्जर काखेत घेतला.

घरी नवा चार्जर भलताच कार्यक्षम ठरला. जुन्याला पाच तास लागायचे, याचा हिरवा दिवा तीन तासांत लागायला लागला. "याला म्हणतात फास्ट चार्जर," यजमान शेजाऱ्यांना सांगायचे. बॅटरी हाताला गरम लागते असं मी म्हटलं, तर ते म्हणाले, "उन्हाळा आहे." सोलापुरात हे उत्तर कशालाही चालतं.

महिन्याभरात गाडी दमायला लागली. काट्यावर बॅटरी पूर्ण भरलेली दिसायची आणि चार-पाच किलोमीटरवर काटा बसायचा. यजमानांनी मोडनिंबला फोन लावून सल्ला घेतला. तिकडून निरोप आला, "नवा चार्जर हाय, मुरायला टायम लागंल." लोणचं मुरतं हे मला माहीत होतं. चार्जरही मुरतो हे मी सत्तावीस वर्षांत एकाही मुलीला शिकवलं नव्हतं.

एप्रिलमधली गोष्ट. सकाळची शाळा आटोपून मी घरी आले, बॅटरी बाहेरच्या खोलीत फरशीवर चार्जिंगला लावली आणि जेवून भांडी घासत होते. एकाएकी गोडसर वास आला. नखांना लावायच्या रंगाचा येतो ना, तसा. बाहेर येऊन पाहिलं तर बॅटरीची पेटी दोन्ही बाजूंनी फुगली होती. तव्यावरून यावी तशी धग तिच्यावरून येत होती. यजमान हातभर अंतरावर आरामखुर्चीत पेपर वाचत बसले होते.

"अहो, उठा तिथून," मी म्हणाले आणि प्लगकडे गेले.

"मध्येच काढू नकोस. अर्ध्यावर काढलं की बॅटरीची सवय बिघडते," ते म्हणाले. बहुधा तमिळ व्हिडिओतलं असावं.

मी भिंतीवरचं बटण बंद केलं आणि प्लग उपसला. चार्जरच्या बाबतीत मी घेतलेला हा पहिला निर्णय. मग स्वयंपाकघरातली मोठी परात आणली, झाडूच्या दांड्यानं बॅटरी तिच्यात ढकलली आणि परात ओढत अंगणात, भिंतीपासून लांब नेली. ओढणी फरशीवर कुठेतरी पडली होती, ते मला परत आल्यावर कळलं.

यजमान पाण्याची बादली घेऊन धावत आले. "ओतू का?"

"अजून आग लागलेली नाही."

मग ते तसेच उन्हात बादलीजवळ स्टूल टाकून बसले. आत चला म्हटलं तरी दोन तास हलले नाहीत. डोक्यावर ओला रुमाल टाकून त्या परातीकडे बघत राहिले. त्यांच्यावरचा माझा राग तेवढ्या वेळापुरता कमी झाला. बॅटरी थंड झाल्यावर ते उठले आणि म्हणाले, "कंपनीचा मालच खराब." राग जागेवर आला.

शाळेतल्या एका बाईंनी पूर्व भागातल्या एका दुरुस्तीच्या दुकानाचा पत्ता दिला. दुसऱ्या दिवशी दुपारी, यजमान झोपलेले असताना, मी बॅटरी वाळू भरलेल्या पत्र्याच्या डब्यात ठेवली, चार्जर पिशवीत घातला आणि रिक्षा केली. डब्यात काय आहे ते मी रिक्षावाल्याला सांगितलं नाही. हा गुन्हा माझ्या नावावर राहू द्या.

दुकान म्हणजे घराची पुढची खोली. शेजारून यंत्रमागांची खडखड येत होती. टेबलाशी पन्नाशीच्या एक बाई बसल्या होत्या, फोनवर कोणाला तरी तेलुगूत झापत होत्या. त्यांचं बोलणं संपल्यावर मी त्यांच्या खांद्यावरून आतल्या दाराकडे बघत विचारलं, "मिस्त्री कुठे आहेत?"

"कोन मिस्त्री?"

"बॅटरी बघणारे."

"मीच बघते. मालक आत जेवतायत. त्यांना यातलं काय कळत न्हाई."

दरवर्षी महिला दिनाला मी शाळेत भाषण करते. ते मला त्या दारात उभ्या उभ्या सुरुवातीपासून आठवलं. कोणाच्या खांद्यावरून कोणी पाहू नये, असं त्यात एक वाक्यसुद्धा आहे.

बाईंनी आधी बॅटरीला हात लावलाच नाही. चार्जर मागितला, सॉकेटला लावला आणि मीटरची टोकं त्याच्या पिनेत धरली. मीटरवर अठ्ठावन्न पॉइंट आठ आलं.

"ॲसिडवाला हाय हा. कुनी दिला?"

"दुकानदारानं. अठ्ठेचाळीसचा म्हणून."

"अठ्ठेचाळीस हे नाव हाय, बाई. तुमची बॅटरी पूर्ण भरली की चौपन्न पॉइंट सहाला थांबायला पायजे. हा थांबतच न्हाई, वर ढकलत बसतो. बॅटरीतलं सर्किट रोज त्याला हाकलत होतं, म्हणून तुमचा हिरवा दिवा लवकर लागत होता. एक दिवस ते सर्किटच जळलं. मग कोन हाकलणार?"

मग त्यांनी फुगलेल्या पेटीच्या बाजूचं स्टिकर पुसलं आणि भिंग माझ्या हातात दिलं. चार्जिंग व्होल्टेज ५४.६. करंट जास्तीत जास्त ३ ॲम्पियर. आकडे स्वच्छ छापलेले होते. ही पेटी मी तीन वर्षं रोज उचलत होते. अठ्ठेचाळीस हा मोठ्या अक्षरातला आकडा मी वाचला होता, त्याखालची ओळ कधीच नाही.

"छापलेलंच हाय की," बाई म्हणाल्या. "तुमी काय करता?"

"शिक्षिका आहे."

"काय शिकवता?"

"मराठी," मी म्हणाले.

आमच्या शाळेच्या मराठीच्या बाईंची मी मनातल्या मनात माफी मागितली.

बॅटरी नव्यानं बांधायला आठ दिवस लागणार होते. तेवढ्यात मी नवा चार्जर घ्यायला निघाले. या वेळी एकटीच, चष्मा डोळ्यांवर आणि शाळेच्या प्रयोगशाळेतला मीटर पर्समध्ये. दुकानही दुसरं गाठलं. लिथियमचा, चौपन्न पॉइंट सहाचा, तीन ॲम्पियरच्या वर नको, असं सांगितल्यावर दुकानदार म्हणाला, "मॅडम, सगळे सारखेच असतात." मी मीटर काढला. त्यानं दिलेला पहिला चार्जर अठ्ठावन्नाच्या पुढे निघाला. दुसरा चौपन्न पॉइंट पाच दाखवत होता, तो मी घेतला. तोवर दुकानदार खुर्ची पुढे करत मला विचारत होता, मी कुठल्या कंपनीची.

पिनेतली धन-ऋण बाजू बॅटरीशी जुळते का हे पाहून घ्यायला मी दुरुस्तीवाल्या बाईंकडे गेले. त्यांनी चार्जर तपासला, बरोबर आहे म्हणाल्या. मग त्यांची नजर माझ्या उघड्या पर्सकडे गेली.

"मराठीला हे लागतं?"

मी खरं सांगून टाकलं. सत्तावीस वर्षं, विज्ञान, दहावी. त्या हसतील असं मला वाटलं होतं. त्या हसल्या नाहीत.

"मग घरात का न्हाई बोललात?"

"बोलले होते."

"किती वेळा?"

"एकदा."

त्यांनी मान हलवली आणि पुढची बॅटरी उघडायला घेतली.

आता चार्जिंगला पुन्हा पाच तास लागतात. बॅटरी कोमट होते, गरम होत नाही. यजमान कॉलनीत सगळ्यांना सांगतात, अठ्ठेचाळीस हे नुसतं नाव असतं, खरा आकडा चौपन्न पॉइंट सहा. फार मन लावून समजावतात. एकदा मी शेजारी उभी असतानाही त्यांनी मला ते समजावलं.

परवा दिरांचा फोन आला. त्यांना सुनेसाठी अशीच गाडी घ्यायची आहे.

"वैनी, दादा कुटं हाय? चार्जरचं इचारायचं हुतं."

"दादा आंघोळीला गेलेत," मी म्हणाले. दादा समोर बसून शेंगा सोलत होते. त्यांनी वर पाहिलं आणि पुढची शेंग घेतली.

मी दिरांना सगळं सांगितलं. स्टिकर कुठे असतं, कोणता आकडा वाचायचा, दुकानदाराला काय विचारायचं, मीटर कुठे लावायचा. त्यांनी मध्ये एकदाही न तोडता ऐकलं, दोन वेळा "व्हय, व्हय" म्हणाले. शेवटी म्हणाले, "लई बेस सांगितलं वैनी. दादा आला म्हंजे फोन करायला सांगा. त्याला बी एकदा इचारून घेतो."