पिवळं दुपटं

हे मी आजवर कुणापाशी बोलले नाही. यांच्यापाशीही नाही — आणि यांना तर मी मनातलं सगळं न विचारताच ऐकवत असते.

सभांमधून माझं बोलणं तुम्ही ऐकलं असेल. गाद्यांच्या फोमात, पडद्यांत, पोराबाळांच्या वस्तूंत आग धरू नये म्हणून विषारी रसायनं घालायची, आणि आत काय घातलंय ते मात्र सांगायचं नाही — ही कुठली रीत? बंदी घाला, निदान वर छापा तरी! मी तावातावाने बोलते, लोक टाळ्या वाजवतात. माझा संताप खरा आहे. तो सुरू कुठून झाला, ते मात्र कुणी विचारलं नाही.

झाशीतल्या आम्हा मराठी मंडळींचा गणपती असतो. एका वर्षी हुकूम आला, मंडपाला आग न धरणारं कापड हवं. सिव्हिल लाइन्समधल्या दुकानातून मीच ते पिवळंधमक कापड आणलं. केवढं कौतुक झालं माझं! विसर्जनानंतर थोडं उरलं — बाप्पाच्या डोक्यावरचं कापड, वाया कसं घालवायचं? लेक बाळंतपणाला आलेली होती. शेजारची शुभदाही नुकतीच बाळंत झालेली. नवरा फौजेत, जवळच्या बबीन्याच्या छावणीत. माहेर पार साताऱ्याकडे. मलाच आईच्या जागी मानायची. आत जुन्या लुगड्याचं अस्तर घालून मी दोन दुपटी शिवली. एक नातीला, एक शुभदाच्या मुलीला.

शिवताना हाताला पांढरी भुकटी लागत होती. पुढे एकदा त्या दुकानावरून जाताना सहज विचारलं, दुपटी शिवली तर ही भुकटी कसली निघते?

“माताजी, वो तो परदे का कपड़ा है, उसमें दवा लगी है,” दुकानदार म्हणाला. “बच्चे को मत लपेटिएगा।”

कसली दवा? तर म्हणे, कंपनी सांगत नाही. मग विकताना याची वाचा कुठे गेली होती? भर दुकानात मी त्याला फैलावर घेतलं.

आणि घरी येऊन काय केलं? नातीचं दुपटं काढून घेतलं. जाळायला गेले, तर मेलं जळेना. शेवटी कचऱ्यात टाकलं. मधे फक्त एक भिंत — पलीकडे शुभदाची मुलगी त्याच कापडात झोपलेली. मी गप्प राहिले. कशासाठी? मंडळातल्या बायका नावं ठेवतील म्हणून! मुलीच्या अंगावर पुरळ उठलं तेव्हा शुभदा विचारायला आली, काकू, हे कशाने हो? मी म्हटलं, झाशीचा उकाडा, दुसरं काय. कशाने उठलं होतं ते आजही ठाऊक नाही. पण दुकानदाराने निदान विचारल्यावर तरी खरं सांगितलं. मी तेवढंही नाही केलं.

ती मुलगी आता आई होणार आहे. परवा लक्ष्मी तालाच्या काठच्या देवळातून देवीचा प्रसाद घेऊन शुभदा आली. म्हणाली, “काकू, तुमचं दुपटं अजून जपून ठेवलंय. नातवंडाला त्यातच घेणार.”

मी पुन्हा खोटं बोलले. म्हटलं, उसवलं असेल गं, दे, नीट करून देते.

आज ते माझ्या मांडीवर आहे. कुठेही उसवलेलं नाही. फक्त एक कोपरा पार विरलाय — पोरीने चोखून चोखून.