वास्तुशांतीला नेलेला अंधार

शनिवार, ८ फेब्रुवारी २०२५, दुपारचे दोन. वाडीतल्या खोलीवर मी कॅमेऱ्याची लेन्स तिसऱ्यांदा पुसत होतो. दुसऱ्या दिवशी उमरेडला ताईच्या नव्या घराची वास्तुशांती होती आणि आहेर म्हणून मी तिला तिथल्याच तळ्यावरचा सूर्यास्त कबूल केला होता.

उमरेडला जायला एसटी बरी, तिकीट शंभराच्या आत. फक्त माझ्यापेक्षा तासभर आधी निघा. भाऊजींनी मोटारसायकलवरून मला तळ्यावर नेलं, तेव्हा सूर्य बुडालेला होता.

"आता काय काढून राहिला गा?" भाऊजी हसले. "कोळसा? तो तं इथं खाणीत बी भेटते!"

पाण्यावर तांबूस उजेडाची एक पट्टी उरली होती आणि तिच्या टोकाशी एक बगळा. मी उजेड बगळ्याच्या पांढऱ्यावर मोजला आणि बाकीचं काळं पडू दिलं. बगळा मुद्दाम खालच्या कोपऱ्यात ठेवला. नजर आधी अंधारात फिरते, मग त्याच्यापाशी येऊन टेकते. मला फोटो उदास वाटला नाही. दिवसभराचं काम आटोपून कोणी अंगणात निवांत उभं असावं, तसा वाटला.

बाजारातला स्टुडिओवाला लग्नाचे फोटो करणारा. "उजळून देतो ना भाऊ, त्याचे वेगळे पैसे नाही." त्याने उजेड वाढवताच पलीकडची झुडपं, पंपाची खोली, सगळं राखाडी होऊन वर आलं आणि बगळा त्यात हरवला. मी म्हणालो, "होता तसाच द्या." फ्रेमसकट साडेसहाशे. रात्री मात्र वाटत राहिलं, वास्तुशांतीला एवढा काळा फोटो चालेल का?

रविवारी जेवणावळीत झणझणीत वांग्याची भाजी होती. भिंतीशी आहेर मांडलेले: धावत्या घोड्यांच्या दोन फ्रेमी, एक उगवता सूर्य. ताईच्या सासूबाईंनी माझ्या फोटोवरचा कागद सोडला.

"शुभकार्याच्या घरात अंधार काहून आणला गा पोरा?"

ताईचा चेहरा उतरला. मी फ्रेम उजेडाकडे वळवली. "काकू, त्यात कोणीतरी आहे. बघा ना."

त्यांनी चष्मा लावला. मागून त्यांची जाऊ वाकली. "पाण्यातली नाव असन."

"नाव नाही वं, बगळा हाये!" सासूबाई म्हणाल्या. "एकटाच हाये बिचारा."

"एकटा नाही आई, निवांत आहे," ताई म्हणाली.

घोड्यांपाशी कोणी थांबलं नव्हतं. इथे मात्र सहा-सात डोकी जमली. तरी तो भिंतीवर लावायला सासूबाई हो म्हणाल्या नाहीत. मी निघालो तेव्हा फोटो दाराआड जमिनीवरच टेकलेला होता.

वाडीला परतून हिशेब केला. सगळे मिळून हजाराच्या आत, उधारी नाही. पण तो दाराआडचा फोटो काही डोक्यातून जाईना. आठ दिवसांनी ताईचा फोन आला. भाऊजींनी तो बैठकीत लावला होता. अंधार नको म्हणून वर खास ट्यूबलाइट बसवली होती.

"मग?" मी घाबरतच विचारलं.

"मग काय! आई रोज संध्याकाळी ती बंद करायले लावतात. काच चमकते, बगळा दिसत नाही म्हणे."