अनाथांपाशी आमेन

आमच्या घरात भात प्रार्थनेवर शिजत असे. ही गोष्ट वाडीतल्या ख्रिस्ती घरांना ठाऊक होती, शेजारच्या कुणब्यांना ठाऊक होती आणि विहिरीवर येणाऱ्या बायकांना तर अगदी तपशीलवार ठाऊक होती. ठाऊक नव्हती ती फक्त प्रार्थना करणाऱ्याला. तो मी.

मोठी लढाई संपून पाच-सहा वर्षं झाली असतील. खालापूर तालुक्यातल्या एका वाडीत मी मिशनच्या शाळेचा मास्तर होतो. म्हणजे हेडमास्तर मी, असिस्टंट मास्तर मी, घंटा वाजवणारा मी आणि पावसाळ्याआधी छपरावर चढून कौलं सारखी करणाराही मीच. रविवारी त्याच खोलीत उपासना होई, आणि पाळकसाहेब आले नाहीत की (ते बहुधा येत नसत) उपदेशही माझ्याच गळ्यात पडे. एवढी पदं एकाच माणसाकडे आली की तो बिघडतो. मी लांबलचक प्रार्थना करू लागलो.

घरी रोज दिवेलागणीला चुलीपुढे आम्ही तिघं बसत असू. मी, माझी बायको राहेल आणि आठ वर्षांची आमची रूथ. प्रार्थनेचा क्रम ठरलेला. आधी स्तुती, मग पापांची कबुली, मग राजे आणि अधिकारी, मग पीकपाणी, विधवा, अनाथ, आजारी आणि सगळ्यांत शेवटी प्रवासी. राहेलचे डोळे मिटलेले असत, हात मात्र मोकळे असत. पुढे मला कळलेलं वेळापत्रक असं होतं: स्तुतीला आधण ठेवायचं, पापांना तांदूळ वैरायचे, अधिकाऱ्यांना उकळी फुटायची, विधवांना झाकण ठेवायचं, आजाऱ्यांना विस्तव मागे ओढायचा, आणि प्रवासी सुखरूप घरी पोचले की भात तयार! एकदा घसा बसला म्हणून मी पीकपाण्यावरच आटोपलं, तर भात कचकचीत राहिला. एकदा पापं जरा जास्त आठवली, तर गिचका झाला. मला वाटे, बिचारीच्या हाताला काही गुणच नाही. राहेल कधीकधी म्हणे, “आज जरा सावकाश होऊ द्या.” ते ऐकून मला भरून येई. केवढी ही भक्ती, असं म्हणून मी राजांची नावं घेऊन प्रार्थना करी.

अशात शाळा तपासायला मिशनच्या मडमबाई आल्या. बाई कडक, पण मनाच्या मोकळ्या. मराठी पवित्र शास्त्रात छापल्यासारखं बोलत. मुलांनी गीतं म्हटली, वचनं घडाघडा म्हणून दाखवली, आणि बाई खूश होण्याऐवजी वही मिटून बसल्या. मग म्हणाल्या, हे सगळं शाळेपुरतं दिसतंय. घरी जाताना मुलं ते चपलांसारखं उंबऱ्याबाहेर काढून ठेवतात. आईबापांचा हात लागत नसेल तर नुसत्या शाळेला काय अर्थ?

आता या बोलण्याला एक शेपूट होतं. आमची शाळा तिसरीपर्यंत. चौथी उघडायची परवानगी बाईंच्या हाती. चौथी मिळाली नाही, तर तिसरी झालेल्या मुलांनी घाट चढून मिशनच्या बोर्डिंगात जायचं. त्या वर्षी तिसरीत तीनच मुलं होती आणि त्यातली एक आमची रूथ. मुलगी शिकली पाहिजे, असं मीच वाडीभर सांगत हिंडायचो, तेव्हा तोंड उघडायची सोय नव्हती. राहेलनं रूथसाठी दोन परकर-पोलकी शिवायला काढली होती, जरा वाढत्या अंगाची. रूथनं एकदा जेवताना विचारलं होतं, “आई, बोर्डिंगात झोपताना दिवा ठेवतात का गं?” राहेल ताट तसंच टाकून उठली. मी उगाच दिव्याची वात सारखी करत बसलो.

म्हणून मी बाईंसमोर छाती पुढे काढली. म्हटलं, “बाई, शाळा म्हणजे राब. तिथं रोप उगवतं. पण लावणी व्हायची ती घरच्या खाचरातच. आमच्या वाडीत ती होते.” (हे राबाचं बोलणं मूळ भिवाबाचं. भिवाबा म्हणजे आमच्या मंडळीतला म्हातारा शेतकरी. पालापाचोळा पसरून राबाची जमीन भाजण्यापासून मळणीपर्यंत सगळं त्याच्या हाडात मुरलेलं. पण सांगताना ते मलाच सुचल्यासारखं झालं.) बाईंनी विचारलं, होते म्हणजे कोणाच्या घरी होते? मी म्हटलं, “माझ्याच घरी या ना. पाहा आणि जेवून जा.”

दिवस ठरला. दिवाळी उलटून गेली होती, झोडणी संपली होती. मी तयारीला लागलो. आदर्श ख्रिस्ती घराला नियम हवेत, म्हणून एका पुठ्ठ्यावर टाकानं सुंदर अक्षरात तीन नियम लिहिले. पहिला, दिवेलागणीला सर्वांनी एकत्र बसावे. दुसरा, डोळे मिटावे. तिसरा, आमेन होईपर्यंत कोणीही जागचे उठू नये. तिसऱ्याखाली मी एक रेघ ओढली आणि लिहिलं, “विशेषतः स्त्रियांनी.” बायका प्रार्थनेत सारख्या चुलीकडे बघतात, असं माझं निरीक्षण होतं. त्या का बघतात, हे विचारण्याइतकी अक्कल मात्र नव्हती. राहेलला लिहिता-वाचता येत नसे, म्हणून मी नियम मोठ्यानं वाचून दाखवले. तिनं विचारलं, “मंग भात?” मी म्हटलं, “राहेल, माणूस केवळ भाकरीने जगत नाही.” ती म्हणाली, “भाकरी न्हवं, भात म्हनतेय मी.” मी पुठ्ठा पडवीच्या भिंतीला टांगला. असल्या प्रश्नांना उत्तर देऊ नये, असं तेव्हा मला वाटे.

त्या दिवशी भिवाबा सकाळीच पायलीभर तांदूळ घेऊन आला. “गुर्जी, नवा हाय, कालच उखळात सडला. बाईंना खाऊ घाला.” नवा तांदूळ हा माणसाला जितका गोड, तितकाच चुलीला उतावळा. आधणात पडला की लगेच फुलतो. हे आमच्या भागातलं पोरही सांगेल. मला ठाऊक नव्हतं असं नाही, पण त्याचा प्रार्थनेशी काही संबंध असेल हे कुठून ठाऊक असणार?

बाई कर्जतला आगगाडीतून उतरून बैलांच्या दमणीनं आल्या. हाडं खिळखिळी झाली होती, पण चेहरा हसरा. पाहुण्यांना चुलीपुढे कसं बसवायचं, म्हणून मी पडवीत घोंगड्या अंथरल्या. बाईंच्या एका बाजूला राहेलला बसवलं, मानाची जागा म्हणून. दुसऱ्या बाजूला रूथ. समोर भिवाबा, त्याची कारभारीण आणि तिसरीतल्या दुसऱ्या दोन मुलांचे आईबाप. चूल आत एकटी राहिली. बसण्यापूर्वी राहेलनं मला दाराआड बोलावून घेतलं आणि हळूच म्हणाली, “आज अनाथांपाशीच आमेन म्हना.”

मला राग आला. मडमबाई घरी आलेल्या असताना आजाऱ्यांना वगळू? प्रवाशांना वाटेत सोडू? आणि बाई तर स्वतः प्रवासी! मी म्हटलं, “देवाच्या कामात काटकसर नको.” राहेल आत जाऊन तांदूळ वैरून आली, कारण मी आधीच घसा खाकरून स्तुतीला सुरुवात केली होती.

त्या दिवशी मी काय प्रार्थना केली म्हणून सांगू! स्तुतीतच डोंगर आले, नद्या आल्या, माथेरानावरचा गार वारा आला. पापं कबूल करताना मी अशीही पापं घेतली जी करायला मला कधी सवडच मिळाली नव्हती. राजे झाले. गव्हर्नर झाले. कलेक्टर, मामलेदार, फौजदार झाले. पाटलाला वगळलं तर त्याला वाईट वाटेल, म्हणून पाटील झाला. पीकपाण्यात मी भात, नाचणी, वरी असा एकेका धान्याचा समाचार घेतला. राहेल दोनदा खोकली. मला वाटलं, भारावली. विधवांपाशी ती तिसऱ्यांदा खोकली, तेव्हा मी विधवांना आणखी थोडा वेळ दिला.

अनाथांपाशी जरा वास आला. मी आमेन म्हटलं नाही. आजाऱ्यांपाशी वास चांगलाच आला. माझ्या मनात आलं, कोणा शेजाऱ्याचं काहीतरी करपतंय. आणि मी, या वाडीचा मास्तर, डोळे घट्ट मिटून गंभीर आवाजात म्हणालो, “आणि हे प्रभू, या घटकेला ज्या घरात काही जळत असेल, त्या घरातल्या निष्काळजी गृहिणीला जागृती दे.”

भिवाबा “आमेन” म्हणाला. जरा मोठ्यानंच म्हणाला. ते मला थांबवण्यासाठी होतं हे कळलं नाही, मी प्रवाशांकडे वळलो. बाई कर्जतला परत पोचेपर्यंत दर वळणावर मी त्यांच्यासाठी कृपा मागितली. मग ठरल्याप्रमाणे म्हणालो, “आता आपल्या घरातलं लेकरू प्रार्थना करील.” रूथकडून मी चार दिवस एक प्रार्थना पाठ करून घेतली होती. तिच्यात कृपा, करुणा, पवित्रता सगळं होतं. मग तिचा बारीक आवाज आला.

“देवबाप्पा, बाबा विधवांपाशी आले तेव्हाच भात झाला होता. तांदूळ नवा हाय. रोज बाबांच्या प्रार्थनेवर आई भात करते, पण आज ती उठत नाय, कारण बाबांनी नियम लावलाय. तर तू तरी उठ आणि तपेलं उतरव. आणि मला बोर्डिंगात नको पाठवू. तिथं आई नाय. आमेन.”

मी डोळे उघडले. सगळ्यांचे डोळे आधीपासूनच उघडे होते. राहेल मान खाली घालून बसली होती, तिच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि तरीही पुठ्ठ्यावरच्या नियमाप्रमाणे ती जागची हलली नव्हती. नियम मोडला तो मडमबाईंनी. त्या ताडकन उठल्या, धुरातून आत गेल्या आणि दुसरं काही हाताशी सापडेना म्हणून डोक्यावरच्या सोला टोपीनं धरून त्यांनी तपेलं खाली उतरवलं. ती टोपी पुन्हा कोणाच्या डोक्यावर गेली नाही.

चौथी गेली, हे मला स्पष्ट दिसत होतं. माझ्या शहाणपणापायी पोरगी घाट चढणार होती. मी पुठ्ठ्यावरच्या माझ्या सुंदर अक्षराकडे बघत बसलो. शेवटी भिवाबानं तोंड उघडलं. “गुर्जी, राब भाजत्यात ते ठावं होतं. तुमी तर थेट भातच भाजलात!”

बाई हसू लागल्या. हसता हसता पदर नाही म्हणून बाहीनंच डोळे पुसले. मग रूथला जवळ घेऊन मला म्हणाल्या, “गुरुजी, मी गावोगाव फिरते. मुलं मला पाठ केलेल्या प्रार्थना ऐकवतात. ही मुलगी देवाशी घरातल्या माणसाशी बोलावं तशी बोलली. हे हिला कोणी शिकवलं?”

मी ताठ बसलो. नम्रपणे काय म्हणावं, तेवढं मनात जुळवत होतो.

“आईनं,” रूथ म्हणाली. “आई चुलीपाशी दिसभर अशीच बोलते. लाकूड ओलं असलं तर म्हणते, देवा, पेटव रं बाबा, लेकरू भुकेलंय.”

राहेलनं लाजून पदर तोंडावर ओढला. मी तिच्याशेजारी इतकी वर्षं डोळे मिटून बसलो होतो, आणि हे मला ठाऊक नव्हतं. त्या वेळी मला लाज वाटली, आणि तिचा अभिमानही वाटला, दोन्ही एकदमच. मग आम्ही जेवलो. वरचा भात धुरकट होता, तरी पाहुण्यांनी गोड मानून घेतला. बाईंनी खालची खरपुडी मुद्दाम मागून घेतली आणि कोंबडीच्या कालवणात बुडवून कुरकुर खाल्ली.

पंधरा दिवसांनी मिशनचा कागद आला. मी तो घरी आणून राहेलला वाचून दाखवला. चौथी मंजूर होती. दर सोमवारी राहेलबाईंनी तासभर शाळेत येऊन मुलांशी आणि त्यांच्या आयांशी बोलावं, अशी अट होती. आणि खाली बाईंच्या हातचा शेरा होता: “या वाडीत मुलांना घरी मिळणारे धर्मशिक्षण उत्तम आहे. गुरुजींनी त्यात फारसा व्यत्यय आणू नये.”

राहेलनं शिवलेली परकर-पोलकी उचलून पेटीत ठेवली. मग चुलीपाशी बसत म्हणाली, “परत एकदा वाचा. सावकाश.”

मला भरून आलं. मी पहिल्या ओळीपासून शेऱ्यापर्यंत सगळा कागद पुन्हा, अगदी सावकाश वाचला. संपला तेव्हा तिनं तपेलं उतरवलं. त्या दिवशी तांदूळ जुना होता.