खोलीच्या मापाची शेगडी

गुणाजीकडे शेगडी मागितली की तो आधी खोलीचं माप विचारी. लांबी किती, रुंदी किती, खिडक्या किती आणि त्या उघडतात का. ठाण्यात टेंभी नाक्यामागच्या एका बोळात त्याची पत्र्याची शेड होती. जुनी पिंपं कापून, आतून मातीचा जाड थर देऊन तो लोणारी कोळशाच्या शेगड्या करी. आकार तीन. दोन माणसांच्या चहा-भातापुरती लहान, संसाराची मधली, आणि घमेल्याएवढ्या तोंडाची मोठी. मोठी तो खानावळीला देई, लग्नघराला देई, अंगणात मासे भाजणाऱ्यांना देई. घरात न्यायची म्हटलं की त्याचे प्रश्न वाढत. "शेगडी न्यायला आलोय, सोयरीक जुळवायला नाही," असं एकाने त्याला माझ्यादेखत सुनावलं होतं. गुणाजी हसला, पण उत्तर मिळेपर्यंत शेगडीवरचा हात काही काढला नाही.

तो मूळचा राजापूरकडचा. उंच, किडकिडीत, बोटांवर कायम पत्र्याच्या चिरा. एकटाच राही, शेडमध्येच झोपे, आणि कितीही थंडी असली तरी दार लावून घेत नसे. त्याचं कारण मला पुढे कळलं.

त्रेपन्न सालच्या डिसेंबरात माझा शेजारी श्रीपाद याची बायको वासंती बाळंत होऊन इस्पितळातून घरी आली. श्रीपादच्या आईने, म्हणजे माईंनी, आई आणि बाळ दोघांचा शेक सुरू केला. घरची लहान शेगडी पाठ शेकून होण्याआधीच राखेला येई. माईंनी मोठी आणायला सांगितली. बारशाला उपयोगी पडेल, पुढे मुंजीलाही. वस्तू घ्यायची तर वाढत्या अंगाची घ्यावी, असं त्यांचं म्हणणं. उचलायला दुसरा माणूस हवा म्हणून श्रीपादने मला बरोबर घेतलं.

गुणाजीने नेहमीचे प्रश्न विचारले. श्रीपाद उत्तर तयार करूनच आला होता. पंधरा बाय बारा, दोन खिडक्या. हे माप घरमालकाच्या दिवाणखान्याचं होतं. वासंतीची खोली नऊ बाय सात, खिडकी एकच, आणि बाळंतिणीला वारा लागू नये म्हणून त्या खिडकीवर गोधडी ठोकलेली. मी ती खोली पाहिली होती. तरी गप्प बसलो. शेगडीसारख्या गोष्टीत चारचौघांत मित्राला खोटं पाडावं, असं मला वाटलं नाही.

शेगडी देताना गुणाजीची नजर श्रीपादच्या पिशवीवर गेली. तिच्यातून ओव्याचा, बाळंतशेपांचा वास येत होता. तो काही बोलणार, तोवर आम्ही शेगडी उचलून बोळाबाहेर पडलो होतो.

दुसरा दिवस रविवार. श्रीपाद जेवून बारशाचं सांगायला कल्याणला मामांकडे गेला होता. मी गॅलरीत वाचत बसलो होतो, माई दाराशी तांदूळ निवडत होत्या. गुणाजी पत्ता विचारत, मधली शेगडी खांद्यावर घेऊन जिना चढून आला. मोठीची माती कच्ची राहिलीय, बदलून देतो, म्हणाला. माईंनी सांगितलं की घरात सोयेर आहे, बाळंतिणीच्या खोलीत परपुरुषाला नेता येणार नाही. शेक घेऊन ती आत्ताच झोपली आहे, संध्याकाळी ये. आणि शेगडीला काही झालेलं नाही, निखारा छान फुललाय, धुराचं नाव नाही.

गुणाजीने खांद्यावरची शेगडी खाली ठेवली.

"धूर असता तर बरं होतं, माई. धुरानं माणूस खोकतं, उठतं, दार उघडतं. लाल निखारा काही बोलत नाही."

"बाळंतिणीच्या दारात कसलं अभद्र बोलतोस रे?"

"एकदा हाक मारा तिला. मग जातो मी."

माईंनी हाक मारली. मग जरा मोठ्याने मारली. दमली आहे ती, असं म्हणाल्या, पण तांदळातला त्यांचा हात थांबला होता.

"बाळ शेवटचं कधी रडलं?" गुणाजीने विचारलं.

माईंनी माझ्याकडे पाहिलं. मी सकाळपासून तिथेच होतो, आणि त्या भिंतीतून सगळं ऐकू येई. जेवणानंतर आज शांत आहे, वाचन चांगलं होतंय, असं मला वाटत होतं.

गुणाजीने सोयेर पाळलं नाही. दार ढकललं. आत ऊब होती, धुराची रेघही नव्हती. वासंतीचा एक हात खाटेखाली लोंबत होता आणि गालांवर निरोगी माणसाला यावी तशी लाली होती. गुणाजीने खिडकीवरची गोधडी ओरबाडून काढली आणि बाळाला उचललं. माईंनी आणि मी वासंतीला गॅलरीत ओढत आणलं. काही वेळाने तिला उलटी झाली आणि तिने डोळे उघडले. बाळाला जास्त वेळ लागला. चिरा पडलेल्या बोटांनी गुणाजी त्याची पाठ चोळत राहिला, आणि शेवटी मांजराच्या पिलासारखा बारीक आवाज आला. माई सांडलेल्या तांदळात बसून राहिल्या.

डॉक्टर येऊन गेल्यावर मी गुणाजीला खोलीचं खरं माप सांगितलं.

"पिशवीच्या वासानंच कळलं होतं," तो म्हणाला. "पण मनाला म्हटलं, शिकलेली माणसं, खोटं कशाला सांगतील."

मग त्याने स्वतःहून सांगितलं. पहिली मोठी शेगडी त्याने आपल्या बहिणीच्या बाळंतपणासाठी केली होती. तिला वारा लागू नये म्हणून दारही त्यानेच ओढून घेतलं होतं. सकाळी ते उघडलं तेही त्यानेच.

त्या थंडीत त्याने तसल्या मोठ्या चार शेगड्या दिल्या होत्या. दोन खानावळींना, एक आम्हाला. चौथी नेणारा माणूस कल्याणहून आला होता. खोली मोठी आहे म्हणाला, घाईत होता. गुणाजीने त्याचं नाव विचारलं नव्हतं, आणि त्याच्याही पिशवीला ओव्याचा वास होता का, ते त्याला आठवेना.

आमची मोठी शेगडी त्याने अंगणात उलटी करून फोडली, मधली पुन्हा खांद्यावर घेतली आणि स्टेशनकडे निघाला. पुढचे कित्येक दिवस त्याची शेड बंद होती. कल्याणच्या आळ्यांतून तो दारोदार विचारत फिरे, इथे कोणी बाळंत झालंय का. परक्या पुरुषाने असं विचारलेलं लोकांना आवडत नसे. काहींनी त्याला हाकलून दिलं. रोज संध्याकाळी तो नाक्यावरून परतताना मला दिसे. मधली शेगडी तशीच त्याच्या खांद्यावर असे.