हट्टाने मागून घेतलेली नोटीस

बेळगावातल्या आमच्या वडगावात मी अर्ज लिहिणारा म्हणून ओळखला जातो. पोट यंत्रमागावर आहे. घराच्या मागच्या खोलीत चार माग आणि त्यावर निघणाऱ्या साड्या. पण बसच्या पाटीवर मराठी का नाही, बिलावर मराठी का नाही, असा अर्ज करायची वेळ आली की गल्ली माझ्याकडे येते. भाषिक अल्पसंख्याकांचे हक्क मला पाठ आहेत. मागाच्या आवाजात ओरडून बोलायची सवय असल्यामुळे माझे अर्जही जरा ओरडतातच.

घरावर कर्ज काढलं ते वरचा मजला चढवायला. बेत सरळ होता. मजला होणार, भाडेकरू येणार, भाड्यातून बँकेचा हप्ता जाणार. बायको म्हणाली, "आधी जिना घाला." मी आधी पुढची बाजू सजवली. गॅलरीला काच, दर्शनी भिंतीला दगडी टाइल्स. पैसे संपले तेव्हा जिना राहिला होता. गवंडी जाताना म्हणाला, "मालक, वर सगळं झकास झालंय. फक्त शिडीनं चढणारा भाडेकरू बघा."

तसा भाडेकरू बेळगावात मिळाला नाही. त्यातच साड्यांच्या व्यापाऱ्यानं माल उचलणं कमी केलं आणि हप्ते थकायला लागले. बायकोला मी एका शब्दानं बोललो नाही. सांगितलं असतं तर ती जिन्याबद्दल बोलली असती, आणि जिन्याबद्दल तिचं बरोबर होतं.

चार हप्ते थकल्यावर रजिस्टर पोस्टानं नोटीस आली, कन्नड आणि इंग्रजीत. मला कन्नड चांगलं वाचता येतं. साठ दिवसांत थकबाकी भरा, नाहीतर घराचा ताबा घेऊ, असं त्यात स्वच्छ लिहिलं होतं. बायको कन्नड बोलते माझ्यापेक्षा फर्मास, पण तिची शाळा मराठी आणि तीही सातवीपर्यंत. ती लिपी तिला येत नाही.

"काय आलंय वो?"

"बँकेचं काहीतरी. कन्नडमध्ये पाठवलंय. परत पाठवतो."

"पण लिहिलंय काय?"

"ते मराठीत आल्यावर कळंल."

आणि खरंच मी नोटीस परत पाठवली. सोबत दोन पानी पत्र: आम्ही भाषिक अल्पसंख्याक, आमच्या घरासंबंधीचा कागद आम्हाला आमच्या भाषेत मिळाला पाहिजे. पत्र इतकं जमलं होतं की पाकिटात घालण्याआधी मी ते दोनदा मोठ्यानं वाचलं. बँकेचं उत्तर आलं, तेही कन्नडमध्ये. मी दुसरं पत्र लिहिलं, मग तिसरं. बँकेचे फोन यायचे. फोन सायलेंटवर असायचा. साठ दिवसांत मी तीन पत्रं लिहिली आणि एकही हप्ता भरला नाही.

मागणी रास्त होती, आजही आहे. पण तिच्याआड लपून मी बायकोला तोंड द्यायचं टाळत होतो, हे मला पहिल्या पत्राच्या वेळीच ठाऊक होतं.

एके दिवशी निपाणीच्या एका दुकानदाराकडे अडकलेले पैसे मागायला गेलतो. पैसे मिळाले नाहीत, चहा मिळाला. दुपारी परत आलो तर आमच्या दारासमोर सात-आठ माणसं उभी. शेजारचे आप्पा सगळ्यांत पुढे. आप्पांनी आयुष्यात एकही मोर्चा चुकवलेला नाही. मला बघितल्याबरोबर त्यांनी हात वर केले.

"ये रं वाघा! जिंकलास! बँकेनं मराठीत लावली!"

दारावर तीन कागद चिकटवलेले. कन्नड, इंग्रजी आणि मराठी. मराठीचा कागद बरोबर मध्ये आणि अक्षरं सगळ्यांत ठसठशीत.

"इतक्या वर्षांत पहिल्यांदा बघतोय," आप्पा गल्लीला सांगत होते. "पाठपुरावा म्हणतात तो ह्याला!"

मग त्यांनी चष्मा नाकावर चढवला आणि आपला विजय मोठ्यानं वाचायला घेतला. "कर्जदारास कळविण्यात येते की... वारंवार मागणी करूनही थकबाकी न भरल्याने... सदर मिळकतीचा ताबा बँकेने..." आवाज खाली खाली येत गेला. "हे काय रं?"

गल्लीत कन्नड वाचणारी माणसं मोजकी. नुसती कन्नड नोटीस असती तर मी काहीतरी थाप मारली असती. मराठी मात्र दुधवाल्यापासून अंगणवाडीच्या बाईंपर्यंत सगळ्यांना येत होतं. आणि दारात बायको उभी होती, हातात सुताची कांडी. तिनं कागद माझ्याआधीच वाचला होता.

"आत या."

आत गेलो.

"किती हप्ते?"

"सात."

"मला का न्हाय सांगितलं?"

"तू काळजी करशील म्हणून."

"मी काळजी करते म्हणून घर चाललंय. तुम्ही कागद रंगवत बसला." तिनं कांडी खाली ठेवली. "आता घर त्यांचं झालं काय?"

मी समजावलं की हा ताबा सध्या कागदावरचा आहे. कुलूप लावायला त्यांना जिल्हाधिकाऱ्यांकडून पुढचा हुकूम आणावा लागेल.

"म्हणजे आज माग चालवायचा काय न्हाय?"

"चालवायचा."

ती मागच्या खोलीत गेली आणि माग सुरू केला. संध्याकाळपर्यंत माझ्याशी बोलली नाही. मागाच्या आवाजात मला तरी काय ऐकू आलं असतं म्हणा.

दुसऱ्या दिवशी बँक उघडायच्या आधी आम्ही दोघं दारात. मॅनेजर गदगकडचा, वयानं तरुण. टेबलावर माझ्या नावाची फाईल, त्यात माझी तिन्ही पत्रं. तोडक्यामोडक्या मराठीत तो मला म्हणाला, "पत्र भारी लिहिता सर. नोटीस मराठीत करायला माणूस लावला आम्ही. त्याचा खर्च तुमच्याच खात्यावर टाकलाय."

मग बायकोकडे वळून, "बर्री अक्का, कुंद्री." या, बसा.

पुढची वीस मिनिटं दोघं कन्नडमध्ये बोलली. मी घटनेतल्या एका कलमाचा उल्लेख करायला तोंड उघडलं, तर तिनं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. त्या वीस मिनिटांत तिनं जे काढून घेतलं ते मला तीन पत्रांत सुचलं नव्हतं. थकलेले सगळे हप्ते व्याजासकट एकरकमी भरले तर खातं पूर्ववत होतं आणि ताबा उठतो. पुढच्या हुकुमासाठी अर्ज करायला बँक दीड महिना थांबेल. वर भाडेकरू ठेवायला बँकेची लेखी परवानगी लागेल, आणि ती मिळेल.

"हे आधी का सांगितलं न्हाय सर?" तिनं कन्नडमध्येच विचारलं.

"फोन केलतो की अक्का, कितीदा! सर उचलतच न्हाईत."

परतताना स्कूटरवर ती मागं बसून म्हणाली, "दोन माग विकायचे."

"माग? अगं, माग विकून विणायचं कशावर?"

"उरलेल्या दोनांवर. घर गेल्यावर चार माग काय रस्त्यात मांडणार?"

माग घ्यायला इचलकरंजीची एक पार्टी आली. मी किमतीबद्दल बोलायला लागलो की ती मला पाणी आणायला पाठवायची. मी पाण्याच्या तीन फेऱ्या केल्या आणि तेवढ्यात सौदा झाला, मी केला असता त्यापेक्षा बराच चांगला. टेम्पोत माग चढले. खोली अर्धी रिकामी झाली आणि दोन दिवस आम्ही उगाच ओरडून बोलत होतो.

मुदतीच्या अकरा दिवस आधी थकबाकी भरली. उरलेल्या पैशांत बाहेरून लोखंडी जिना बसवला. जागा तिनं दाखवली, मी फक्त वेल्डरला चहा दिला. महिन्याभरात वर एक नर्सबाई आणि तिचा नवरा राहायला आले. आता भाड्यात जवळजवळ पूर्ण हप्ता जातो. राहिलेले पैसे मी घालतो, तारखेच्या आधी.

थकबाकी भरल्यावर दारावरचे कागद काढायला बँकेचा माणूस आला तेव्हा आप्पा धावत आले. "मराठीचा फाडू नका वो! पुढच्या अर्जाला नमुना म्हणून जोडू!" बायकोनं त्यांच्याकडे असं बघितलं की ते तसेच माघारी वळले.

त्या संध्याकाळी चहा झाल्यावर तिनं कप बाजूला सारला.

"आता सांगा. अजून काय लपवलंय?"

"काही नाही."

ती वाट बघत राहिली. वाट बघण्यात ती पटाईत आहे.

"शहापूरच्या सोसायटीत," मी म्हणालो, "एका दोस्ताच्या कर्जाला जामीन राहिलोय."

"भरतोय तो?"

"भरतो म्हणतो."

"तुम्ही बघितलंय?"

बघितलं नव्हतं. तिनं घड्याळाकडे पाहिलं. सोसायटी बंद व्हायला पाऊण तास होता. पदर खोचून ती उठली आणि स्कूटरची किल्ली माझ्या हातात दिली.

"चला, बघून येऊ. आज मला सांगितलंत, तेवढं बरं केलंत."

एवढी शाबासकी मला एकाही अर्जाला मिळाली नव्हती. मी स्कूटर काढली.